अप्पांच्या हाताचं माप

कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागल्या की माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागतो. दरवर्षी. मार्गशीर्ष उजाडतो, निंबोल्याकडून येणाऱ्या ट्रॉल्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकतो, आणि मी जिना उतरताना कठडा धरते. डॉक्टर म्हणतात, थंडी आहे. सूनबाई म्हणते, वय झालं. निखिल, माझा नातू, तर निकालच देऊन टाकतो, “आजी, तुझी सायकलची सीट लो होती ना, इसलिए.” माझ्या गुडघ्याबद्दल या घरात मला सोडून सगळ्यांना मत आहे.

निखिलचं काय सांगू! यंदा त्याने एक सायकल घेतली. तिला कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही. सायकलीत जे जे म्हणून उपयोगाचं असतं ते सगळं काढून टाकलं की ती भारी होते, असं दिसतं. दर रविवारी सकाळी मित्रांबरोबर असीरगडापर्यंत जातो आणि परत आल्यावर मान धरून बसतो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून इंदूरला जाऊन ती सायकल ‘फिट’ करून आणली. तिथल्या माणसाने याच्या मांडीला, पोटरीला, खांद्याला टिकल्या चिकटवल्या, कॅमेऱ्यासमोर पायडल मारायला लावलं आणि शेवटी हातात एक कागद दिला. गुडघ्याचा कोन इतका, पाठीचा इतका, कोपराचा इतका. तो कागद आता आमच्या फ्रिजवर, गॅसच्या नंबराशेजारी चिकटवलेला आहे.

परवा विचारलं, “मान अजून दुखते का रे?”

“दुखते ना. पण अँगल एकदम परफेक्ट आहे, आजी.”

“मग हँडल जरा वर घे.”

“नाही गं, वो गलत हो जाएगा. कागदात तसं नाही.”

“कागद राहू दे. तुला कसं वाटतं?”

“वाटण्याचा सवालच नाही ना!”

रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. मान याची, आणि विचारायचं कागदाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना डबे पुसत बसले, कारण तिथेच थांबले असते तर काहीतरी बोलून गेले असते. आणि खरं सांगायचं तर राग त्या एकट्याचा नव्हता. हे असलं संभाषण मी आधी एकदा ऐकलेलं आहे, आमच्या घराच्या ओट्यावर, वीस वर्षांची असताना. तेव्हा त्यातलं ‘बराबर आहे’ हे वाक्य माझ्या तोंडी होतं.

तो राज्यं बदलली तेव्हाचा हिवाळा. आमचं गाव जिथल्या तिथे होतं, तापी जिथल्या तिथे होती, पण राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. कचेऱ्यांच्या पाट्या उतरवल्या, नव्या रंगवायला माणूस मिळेना, म्हणून कित्येक दिवस नुसत्या कोऱ्या फळ्या लटकत होत्या. शाळेत नवे तक्ते आले, सगळे हिंदीत. कुठल्या रकान्यात काय भरायचं हे विचारावं तर ज्याला विचारावं तो म्हणे, वरून कळेल. नागपूरला पाठवलेले अर्ज भोपाळला पोचले की मध्येच एखाद्या पेटाऱ्यात राहिले, याचा पत्ता कुणालाच नव्हता. त्यांत माझा एक अर्ज होता. मी निंबोल्याच्या शाळेत कच्ची मास्तरीण होते. कच्ची म्हणजे नाव पक्कं होईपर्यंत कधीही घरी पाठवता येईल अशी.

निंबोला आमच्या सिंधीपुऱ्यापासून सात-आठ मैल. सकाळची मोटार शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोचायची, आणि बैलगाडीने निघालं तर मुलं जेवायला सुटायची वेळ व्हायची. मुलीने एवढ्या लांब नोकरीला जावं का, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ती एका वाक्यात संपवली. “पोरगी शिकली हाय तं शिकवू द्या. बाकीच्याईनं आपापलं पाहा.” आणि पुढच्याच आठवड्यात खांडव्याहून एक जुनी लेडीज सायकल रेल्वेत घालून घेऊन आले. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी होती, आणि घंटी अशी की निम्मी गल्ली बाहेर यावी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी चिडले की कुणी अप्पांना वाईट समजायला नको.

अप्पा एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून कापड मोजून द्यायचे. उंच, हडकुळे, आणि हात असे लांब की सदऱ्याच्या बाह्या त्यांना कधी पुरल्या नाहीत. खेड्यांवरची जुनी गिऱ्हाइकं कापड वारावर घेत नसत, हातावर घेत: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आणि तो हात अप्पांचाच हवा. लोक दुकानाच्या पायरीवरूनच विचारायचे, “लंब्या हाताचे अप्पा हायेत का?” नसले तर बसून राहायचे. आखूड मोजलं असं अप्पांबद्दल कधी कुणी म्हटलं नाही. त्यामुळे गल्लीत कुणाची खाट विणायची असो, विहिरीचा दोर घ्यायचा असो की लग्नाच्या मांडवाचे बांबू तोडायचे असोत, अप्पांना बोलावणं यायचंच. घरात तर बोलायलाच नको. माझ्या झंपराचं कापडही त्यांच्या हाताने यायचं, आणि शिंपी दरवेळी म्हणायचा, बाई, कापड बरंच उरलं.

लोधीपुऱ्यात गोपाळ मिस्त्रीचं सायकलीचं दुकान होतं. एक लाकडी पेटी, हवेचा पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, एवढंच दुकान. गोपाळने सायकल बघितली, चाकं फिरवली, आणि सांगितलं की सायकल बसवायचा नियम एकच असतो. पायडलच्या मधल्या धुऱ्यावर बोटं टेकवायची, हात ताणायचा, सीट बरोबर काखेत आली पाहिजे. मग सीटच्या टोकाला कोपर लावायचं, बोटं हँडलला लागली पाहिजेत. “हाताचं माप हाय अप्पा, कंपनीचं. यात गलती होत नाही.”

अप्पांनी बाही वर सारली आणि आपला हात लावला.

मी शेजारी उभी होते. सायकल माझी, चालवणार मी, आणि माझे दोन्ही हात रिकामे. पण गोपाळला काही खटकलं नाही, अप्पांना खटकलं नाही, आणि आज सांगायला लाज वाटते, मलाही खटकलं नाही. आमच्या घरात माप घ्यायचं म्हटलं की अप्पांचा हात पुढे यायचा. दुसऱ्या कुणाला हात असतो हेच आम्ही विसरलो होतो. गोपाळने सीट वर खेचली, मागे सरकवली, नट आवळले. “बराबर. एकदम फिट,” तो म्हणाला, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी घाईघाईने मान डोलावली.

त्या सीटवर बसले की पायडल खाली गेल्यावर माझा पाय त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. मग मी त्या बाजूला कलंडायचे, आणि दुसरं पायडल खाली गेलं की त्या बाजूला. हँडल इतकं दूर की धरायला पुढे झुकावं तर पदर सुटे, पदर सावरावा तर हँडल सुटे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सगळ्यात वाईट म्हणजे थांबणं. पाय जमिनीला टेकत नसल्यामुळे थांबायला मला ओटा, दगड नाहीतर भिंत लागायची. समोरून गाडी आडवी आली आणि जवळ दगड नसला की मी पडायचे. पहिल्या पंधरवड्यात एकाच मोरीजवळ दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपलेली होती.

मुख्याध्यापक हिंदी बोलणारे, सरळ पण वेळेचे कडक. हजेरीपुस्तकात लाल रेघ मारून ते म्हणाले, “बहनजी, दो बार हो गया. तीसरी बार देर हुई तो मुझे ऊपर लिखना पड़ेगा कि महिला इतनी दूर से नहीं आ सकती.” माझं नाव घेऊन लिहिणार असते तर एक वेळ सोसलं असतं. पण ते ‘महिला’ लिहिणार होते, म्हणजे माझ्यानंतर जी कुणी अर्ज करील तिचाही निकाल त्याच कागदात लागणार होता. कोपरावर हळद लावून घेताना मला तेच सारखं आठवत राहिलं.

संध्याकाळी आईला म्हटलं, “सीट थोडी खाली पायजे.” आई भाकरी थापत होती.

“म्हंजे अप्पाचा हात खोटा?” ती म्हणाली, आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

आईचंही काय चुकलं? त्याच महिन्यात दुकानाच्या शेठने गादीसमोर मापाचा लोखंडी गज ठोकून घेतला होता. नवं राज्य, नवे कायदे, उद्या कुणी तपासायला आलं तर झंझट नको, यापुढे सगळं कापड गजावर.  गिऱ्हाईक म्हणायचं, “अप्पा, हातानं द्या ना,” आणि अप्पा हसून गजाकडे बोट दाखवायचे. जेवताना ही गोष्ट ते गंमत म्हणून सांगायचे. पण मी पाहिलं होतं, दुकानातून परत येताना ते हात कोटाच्या खिशात घालून चालायला लागले होते. मला त्यांची दया यायची आणि दया आली की स्वतःचाच राग यायचा, कारण दयेने काही माझा पाय पायडलला पोचत नव्हता.

मग मी बाजारातून एक पाना विकत घेतला. गोपाळकडून नाही, त्याने त्याच दिवशी अप्पांना सांगितलं असतं. पाना पिशवीत वह्यांखाली. घरून निघताना सीट अप्पांच्या मापाची असायची. गल्लीतून सायकल हातात धरून चालत जायचे. लोकांना वाटे, मास्तरीण लाजते. वेस ओलांडली, पहिली केळीची बाग आली की थांबायचं, नट ढिला करायचा, सीट वीतभर खाली घ्यायची. ती खाली आली की हँडलही थोडं जवळ यायचं. नट आवळायचा, इकडे तिकडे बघायचं, आणि बसायचं.

आणि मग काय तो रस्ता! बागांतून पाटाच्या पाण्याचा गार वास यायचा, वाऱ्याने फाटलेली केळीची पानं फडफडायची. समोरून कापसाच्या गाड्या शहराकडे निघालेल्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी आणि गाडी नंतर. उडालेला कापूस माझ्या केसांत, पदरावर, चेनच्या वंगणाला. असीरगड धुक्यात आधी नसायचाच, मग निंबोला जवळ येता येता दिसू लागायचा. वेचणीला निघालेल्या बाया ओरडायच्या, “ओ मास्तरीणबाई, जरा धीरे!” आणि मी सरळ दोन्ही पाय टेकवून थांबायचे, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा निघायचे. दिसत मी भयंकर असणार. गुडघे पार पोटाशी यायचे. वर्गातली पोरं मला बेडकी म्हणत, हे मला पुढे कळलं. म्हणोत बापडी. महिना-दीड महिन्यात मला एकदाही उशीर झाला नाही.

परत येताना तीच कसरत उलटी. बागेशी थांबून सीट वीतभर वर. अप्पा ओट्यावर वाट बघत असायचे. मी सायकल भिंतीला टेकवली की उठायचे, धुऱ्यावर बोटं लावायचे, हात ताणायचे, सीट काखेत घ्यायचे.

“हाललं तं नाही ना वं?”

“नाही अप्पा.”

“बराबर बसतं ना तुले?”

“बराबर.”

मग ते हसायचे. दिवसभरात त्यांच्या हाताने मोजलं जाणारं तेवढंच उरलं होतं. आणि मी आत जाऊन पाय चेपत बसायचे आणि दातओठ खायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी नियमांच्या विरुद्ध नाही, हो. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेली बाई आहे मी. पण नियम हा कधीतरी कुणाच्या तरी अंगाला बरा बसलेला असतो. पुढे ते अंग लोक विसरतात आणि माप तेवढं जपून ठेवतात. इंदूरच्या त्या कागदामागेही असंच कुणाचं तरी अंग असेल, त्याची मान दुखत नसेल. आणि मी काही फार शहाणी होते असंही नाही. निखिल चित्र काढून दाखवतो, सीट इतकी खाली असली की गुडघ्यावर ताण येतो. येत असेल. पण तेव्हा दुखत नव्हतं आणि मला थांबता येत होतं. हा गुडघा मी माझ्या मर्जीने झिजवलाय. असं म्हटलं की तो म्हणतो, “आजी, यात लॉजिक नाही.” नाही तर नाही.

पौषात तपासणीचं पत्र आलं. नव्या राज्याचे साहेब येणार होते, कच्च्या शिक्षकांची नावं पक्की करायला नाहीतर खोडायला. घंटा साडेदहाची, घंटेला सगळे हजर पाहिजेत. मुख्याध्यापकांनी पत्र वाचून दाखवलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

त्या दिवशी थंडी अशी होती की पाना हातात धरवत नव्हता. सीट खाली घेतली, नट आवळला, आवळतच राहिले. तो नुसताच फिरत होता. आटे गेले होते. दिवसातून दोनदा सोडायचा आणि दोनदा आवळायचा, त्या नटाने तरी किती सोसावं! तरी बसले. अर्ध्या वाटेत सीट खचकन नळीत उतरली आणि गोल फिरायला लागली. मी सरळ बसावं, तर ती मला शेताकडे तोंड करून बसवायची. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी शिव्या दिल्या. गोपाळला दिल्या, शेठच्या गजाला दिल्या, भोपाळला दिल्या आणि, खोटं कशाला बोलू, अप्पांच्या हातालाही दिल्या. वेचणीच्या बाया ओटीतला कापूस सांभाळत ऐकत उभ्या होत्या. मग सीट उपसून काढली, पिशवीत घातली, पदर कमरेला खोचला आणि पायडलवर उभ्यानेच निघाले.

साडेतीन मैल उभ्याने. मांड्या पेटल्या, घशाला कोरड पडली, चढावर तर वाटलं, सायकल टाकून द्यावी आणि पळत सुटावं. मी फाटकातून आत शिरले तेव्हा शिपाई टोले देत होता. साहेब व्हरांड्यातच उभे होते, शेजारी मुख्याध्यापक. पिशवीतून सीटचं नाक बाहेर आलेलं.

“यह क्या है?” साहेबांनी विचारलं.

“सीट, सर.”

“तो बैठीं किस पर?”

“बैठी नहीं, सर.”

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं, आणि लाल पेन खिशात ठेवून दिलं. साहेबांनी दुपारी माझ्या वर्गात बसून पोरांकडून भागाकार करवून घेतले. दोन पोरं चुकली, बाकीची बरोबर आली. जाताना त्यांनी यादीत माझ्या नावापुढे सही केली. मी पक्की झाले.

परतीला एका गाडीवानाने सायकल कापसावर टाकून घेतली आणि मलाही बसवलं. घरासमोर उतरले तेव्हा सायकल पांढरी झालेली, सीट माझ्या हातात. अप्पा ओट्यावरून उठले.

“नोकरी?” त्यांनी आधी तेच विचारलं.

“पक्की झाली.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातून सीट घेतली. तिच्या दांडीवर दोन जागी घासून चकाकी आली होती, एक त्यांच्या मापाची, दुसरी वीतभर वर. त्यांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. मापाच्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं!

“हे कवापासून?”

“पहिल्या पंधरवड्यानंतर.”

“मले सांगितलं कायले नाही?”

दिवसभराचा, दोन महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. “काय सांगू अप्पा? तुमचा हात खोटा हाय म्हणून सांगू? तिकडे शेठनं गज ठोकला, अन् इकडे मी पाना काढू?” भर गल्लीत ओरडले मी. आई आतून धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. अप्पांना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

 अप्पांनी सीट खाली ठेवली, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “हात दे.”

मी दिला. त्यांनी माझं कोपर ओट्याच्या फरशीवर टेकवलं, माझी बोटं सरळ केली, आणि शेजारी आपलं कोपर टेकवून आपला हात माझ्या हाताला लावला. माझ्या मधल्या बोटाचं टोक त्यांच्या बोटांच्या मुळाशीच संपलं.  माझ्या पाळण्याच्या दोरीपासून माझ्या झंपरापर्यंत सगळं मोजलेल्या माणसाने मला त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

“एवढीच हायेस वं तू?” ते हळूच म्हणाले.

“एवढीच,” मी म्हटलं. आवाज माझा अजून चढलेलाच होता. “पहिल्यापासून एवढीच हाय, अप्पा.”